लिंबाजीच्या हातचा दोर

मी एक जुना दोर आहे. खरे सांगायचे तर मधोमध सांधलेला जुना दोर आहे. पाटोद्याच्या शाळेत सामानाची एक कोठी आहे. तिथे मोडक्या बाकांच्या वर, खिडकीशेजारच्या लाकडी खुंटीला माझे वेटोळे टांगलेले असते. मित्रांनो, तुमच्यातले कुणी खडूचा खोका घ्यायला आत येते, अंधारात मला पाहते आणि "साप, साप!" म्हणत बाहेर पळते. बाकीचे पोट धरून हसतात. मला त्याचा राग येत नाही. उलट पुन्हा कधी कुणाला खडू लागतो याची मी वाट पाहत बसतो.

स्वभावाने मी जरा ताठच आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आमच्याच घराण्यावरून पडली आणि ती मुळीच खोटी नाही. म्हणून आधीच सांगून ठेवतो. माझ्या सांध्याजवळ पितळेचा एक छोटा बिल्ला सुताने बांधलेला आहे. त्यावर उर्दूत दोन ओळी कोरल्या आहेत. तो खेळायला म्हणून ओढू नका. तो माझा नाही. एका मुलाचा आहे. त्याने यावे आणि तो घेऊन जावा, म्हणून मी सांभाळून ठेवला आहे. तो मुलगा अजून आलेला नाही.

त्याचे नाव लिंबाजी. त्याच्याच हाताने मी जन्मलो.

आधी मी अंबाडी होतो. ज्वारीच्या शेताच्या कडेने आम्ही डोक्याइतके उंच वाढलो. आमच्या पानांची भाजी लोकांनी भाकरीबरोबर खाल्ली, आणि मग आमच्या काड्या कापून ओढ्याच्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवल्या. दहा-बारा दिवस आम्ही तिथे कुजत पडलो. केवढा तो वास! पण साल सुटली, आतला पांढरा धागा, म्हणजे वाख, निघाला, धुतला, वाळवला. दोर वळणारा सटवा, त्याची बायको छबुबाई आणि त्यांचा मुलगा लिंबाजी, तिघेही त्या कामात होते. गावाबाहेर त्यांची वस्ती होती. साऱ्या गावाचे बैल, गाई, मोटा, बाजा त्यांच्या हातच्या दोरांनी बांधलेल्या असत.

लिंबाजी बारा-तेरा वर्षांचा असेल. फिरकी गरगर फिरवीत तो मागे मागे चालत जाई आणि समोर बसलेला सटवा वाख सोडीत जाई. दोघांचा ताल जमावा म्हणून लिंबाजी मोठ्याने म्हणे, "दे... पीळ! दे... पीळ!" असे तीन पदर झाले. मग तिन्ही एकत्र वळायचे. छबुबाई बोटे घालून पदर वेगळे राखी. सटवाचे एकच सांगणे असे, "तिन्ही पदराला सारखा ताण पायजे. एक ढिला ऱ्हायला की बाकीच्या दोघांवर भार येतोय, आन् मग दोर दगा देतोय." हे वाक्य लिंबाजीने ऐकले, तसे मीही ऐकले. माझ्या अंगातच ते वळले गेले म्हणा ना.

मला वळून घेतले होते शाळेसाठी. तेव्हा निजाम सरकारचे राज्य होते. कचेरीचे कागद उर्दूत, महिने सरकारी फसली सालाचे, आणि शाळेत हजेरी घेताना मुले "हाजिर" म्हणत. शाळेला एक ड्रिल मास्तर होते, पाशा मास्तर. पूर्वी ते फौजेत होते. मिशा अशा, की त्यांना हसू आले तरी दिसत नसे. दरसाल बहमन महिन्यात, म्हणजे ऐन हिवाळ्यात, बीडला साऱ्या तालुक्यांच्या शाळांचे खेळ होत. त्यांतला मोठा मान रस्सीखेचीचा. पाटोद्याच्या शाळेला स्वतःचा दोर नव्हता. कुणा शेतकऱ्याच्या मोटेचा नाडा मागून आणायचा आणि दुसऱ्या दिवशी परत करायचा. पाशा मास्तरांना ते लाजिरवाणे वाटे. एक दिवस ते स्वतः वस्तीवर आले आणि सटवाच्या अंगणातल्या दगडावर बसले.

"सटवा, चालीस हात दोर होना. सोला पोट्टे खींचे तो बी टूटना नक्को."

"तुटायचा न्हाई, मास्तर," सटवा म्हणाला. "पर एक ध्यानात ठिवा. भिजला तर उन्हात वाळवा. वला दोर सावलीत गुंडाळून ठिवला की आतून कुजतोय. वरून काईच दिसत न्हाई."

"हौ, हौ," मास्तर म्हणाले आणि माझ्यावरून एकदा हात फिरवून गेले.

शाळेच्या फाटकाशी सटवाने मला जमिनीवर ठेवले आणि तो दहा पावले मागे सरून उभा राहिला. शिपायाने तांब्यातले पाणी माझ्यावर शिंपडले. मग आप्पाराव नावाच्या मोठ्या मुलाने मला उचलले. चार थेंबांत मी शुद्ध झालो म्हणे. मला तर आधीच्यात आणि नंतरच्यात काही फरक जाणवला नाही.

लिंबाजी याच शाळेत शिकत होता. शाळेचे मोठे मास्तर म्हणाले होते, शाळा सरकारची आहे, ज्याला शिकायचे त्याचे नाव लिहीन. गावात कुरबुर झाली. शेवटी नाव लिहिले गेले, पण बसायची जागा मिळाली बाहेरच्या पडवीत, दाराच्या उंबऱ्याशी. मित्रांनो, तुम्हाला हे ऐकून राग येत असेल. यायलाच हवा. लिंबाजी मात्र पाटी घेऊन तिथे असा बसे, जणू ती जागा त्याने निवडून घेतली आहे. हजेरीत त्याचे नाव सर्वांत शेवटी. मास्तर पुकारत, "लिंबाजी वल्द सटवा!" वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. आणि तो पडवीतून असा "हाजिर!" ओरडे, की छपरावरची कबुतरे फडफडून उडत. आत मुले हसत. पण कुणी त्याला हळू बोल म्हणाले नाही. त्या एका शब्दापुरता तो वर्गाच्या आत येई.

ती शाळा लहान होती, तरी मोठी हौशी होती. बीडच्या खेळांहून परतल्यावर शाळेचा सालाना जलसा होई. तहसीलदार साहेब येत. मुले उर्दू कविता म्हणत, लाठ्यांची कवायत करत, तोंडी हिशोब सांगत. नकाशे भिंतीला लागत. बंकट नावाचा एक जाडजूड मुलगा होता. शिदोरीच्या चार भाकरी तो दोन घासांत संपवी असे मुले म्हणत. त्याला तेराचा पाढा काही केल्या येईना, पण त्या जाड बोटांतून अक्षर असे उतरे की सुंदर अक्षराचे बक्षीस त्यानेच घ्यायचे. जलशात ज्याला बक्षीस, त्याचे नाव बापाच्या नावासकट तीनदा पुकारायचे, कचेरीत पुकारतात तसे. हे काम पाशा मास्तरांचे. तो आवाज बाजारापर्यंत जाई. लिंबाजीला हिशोब सगळ्यांच्या आधी येत, पण पडवीतल्या मुलाचे नाव जलशात कधी आले नव्हते. आपले नाव एकदा तरी असे तीनदा पुकारले जावे आणि बाने ते फाटकाबाहेरून ऐकावे, एवढीच त्याची इच्छा होती. हे त्याने मला वळताना छबुबाईला सांगितले होते. ती म्हणाली होती, "पुकारतील रं. कावून न्हाई पुकारनार?"

पहिल्या वर्षी बीडला केजच्या शाळेने आम्हाला धूळ चारली. आमची आठही मुले दांडगी, पण प्रत्येक जण आपल्या मनाने ओढी. बंकट सर्वांत मागे, कमरेला मला गुंडाळून उभा, आणि पुढे आप्पाराव. आप्पाराव आमचा कप्तान. मोठ्या जमीनदाराचा, मोहनरावांचा मुलगा. मनाने वाईट नव्हता. कोठीची किल्लीही त्याच्याच कमरेच्या करगोट्याला असे.

दुसऱ्या वर्षी सराव सुरू झाला तरी तीच गत. एका संध्याकाळी पडवीच्या पायरीवर उभ्या असलेल्या लिंबाजीला राहवले नाही. तो ओरडला, "दे... पीळ! दे... पीळ!" काय झाले कोण जाणे, "पीळ" म्हटले की आठ जण एकाच वेळी मागे झुकले. समोरचे आठ फरफटत आले. पाशा मास्तरांनी वळून पाहिले.

"क्या बोल्या रे? फिर बोल."

त्या दिवसापासून लिंबाजी मैदानाच्या कडेला उभा राहून ताल देऊ लागला. त्याला फार आनंद झाला आणि मला त्याहून जास्त. पंधरा दिवसांत आमची मुले एका पिळाची झाली.

मग आठांतला एक मुलगा थंडीतापाने आजारी पडला. बीडचे खेळ महिन्यावर आले होते. पाशा मास्तर मैदानावर इकडून तिकडे फिरले आणि लिंबाजीसमोर येऊन थांबले. "आ जा. बंकट के आगे खडा हो. पकड."

आप्पारावाने मला हातातून सोडून दिले. त्याच्यामागून आणखी दोघांनी सोडले. मास्तरांनी मला जमिनीवरून उचलले आणि विचारले, "ये दोर कौन बनाया?"

"सटवानं," बंकट म्हणाला.

"तो दो साल से किसके हात का दोर पकड रहे तुम लोगां?"

बंकटने लिंबाजीला हाताने जवळ ओढले आणि म्हणाला, "ये की बे. मला काय फरक पडतोय? माझं नाक फकस्त भाकरीचा वास वळखतंय." सगळे हसले. हसता हसता आप्पारावाने मला पुन्हा धरले.

आणि लिंबाजीचा हात माझ्यावर आला. मित्रांनो, मी खूप हात पाहिले. पण ज्या हाताने आपल्याला घडवले तो हात पुन्हा अंगावर येतो तेव्हा काय होते, हे मला तुम्हाला सांगता येणार नाही. त्याच्या तळव्याला फिरकीचा घट्टा होता. त्या घट्ट्याची जागा मी अजून अंगावर दाखवू शकतो. तो एक महिना माझ्या सगळ्या आयुष्यातला सुखाचा महिना होता. तसा दिवस परत यावा म्हणून मी आजवर किती तळमळलो, ते या कोठीलाच माहीत.

पण त्याच महिन्यात माझा घात झाला.

आप्पारावाच्या घरी त्याची आत्या होती, सुंदरबाई. घरात तिचा शब्द चाले. लिंबाजी दोराला हात लावतो हे तिच्या कानावर गेले. तिने आप्पारावाला उंबऱ्यावरच अडवले. "तू न्हाऊन येशील, पर तो दोर? रोज त्यालाच शिवतूस ना? दोर पाण्यातून काढल्याबिगर या घरात पाय ठिवायचा न्हाई."

आप्पाराव बिचारा दोन्हीकडून अडकला. मास्तरांना सांगावे तर ते भडकणार. आत्याला नाही म्हणावे तर घर बंद. मग तो रोज सराव संपला की, सगळे गेल्यावर, मला विहिरीवर नेई, बादलीत बुडवी आणि ओलाच गुंडाळून कोठीत ठेवी. दार बंद, खिडकी बंद, बाहेर हिवाळा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझे वरचे अंग सुकलेले असे. थोडा ओलावा लागला तर मास्तर म्हणत, दंव पडले असेल. ज्या पाण्यात कुजल्याशिवाय मी जन्मलो नसतो, तेच पाणी आता मला आतून खाऊ लागले. मी रोज म्हणे, अरे कुणीतरी मला उन्हात टाका रे! पण दोराला तोंड नसते.

लिंबाजीला मात्र शंका आली. एकदा मला धरताना त्याने नाक जवळ आणले. "आप्पाराव, दोराला कुबट वास येतोय. उद्या उन्हात टाकता का?"

"टाकतो," आप्पाराव म्हणाला आणि दुसरीकडे पाहू लागला. त्याने टाकले नाही. उन्हात टाकला तर भिजवल्याचे कळेल, ही त्याला धास्ती.

बीडला आम्ही बैलगाडीने गेलो. सटवा आदल्या दिवशी पहाटेच पायी निघाला होता. मैदानाच्या बाहेर, बाभळीपाशी तो उभा राहिला. त्या वर्षी दोर आणायची पाळी आमच्या शाळेची होती, म्हणून शेवटची झुंज माझ्यावरच होती. समोर पुन्हा केज. पहिली ओढ आम्ही जिंकली. लिंबाजीचा "दे... पीळ!" मैदानभर घुमत होता. दुसरी ओढ केजने घेतली. तिसऱ्या ओढीला दोन्हीकडची सोळा मुले टाचा रोवून उभी राहिली. माझ्या मधोमध बांधलेले लाल फडके मधल्या रेघेवर थरथरत होते. मग ते हळूहळू आमच्याकडे सरकू लागले. चार बोटे. सहा बोटे. आणखी वीतभर आले की झाले! मी सगळी ताकद लावून स्वतःला धरून ठेवले. लिंबाजीचे हात माझ्यावर होते, मला तुटायचे नव्हते हो! पण आतला पदर गेला. मग दुसरा. मग मी गेलो.

सोळा मुले धडाधड पडली. बंकटची हनुवटी फुटली. सारे मैदान हसले. पंचांनी निवाडा दिला, ज्यांचा दोर तुटला त्यांची हार. आणि गर्दीतून कुणीतरी मोठ्याने विचारले, "कुन्या गाढवानं वळला हा दोर?"

बाभळीखालच्या सटवाने ते ऐकले.

लिंबाजी माझी दोन्ही टोके हातात घेऊन बसला होता. वरून पांढरा, आतून काळा. त्याने काळा वाख बोटांनी चुरला, वास घेतला आणि मान वर करून आप्पारावाकडे पाहिले. आप्पारावाने मान खाली घातली. पाशा मास्तर धावत आले. त्यांनीही टोक पाहिले.

"ये भीग्या है. कौन भिगोया? लिंबा, तेरेकू मालूम है. बोल."

"मला ठाव न्हाई, मास्तर," लिंबाजी म्हणाला.

आप्पाराव तिथेच उभा होता. त्याने एक शब्द बोलायचा होता. तो बोलला नाही.

परत येताना मी गाडीत नव्हतो, सटवाच्या खांद्यावर होतो. बाप-लेक पायी चालले होते. बीड मागे पडले. मग सटवाने विचारले, "कावून न्हाई सांगितलंस?"

"काय म्हनले असते, बा? याचा हात लागला म्हनून भिजवावा लागला, असंच ना? दोष फिरून माझ्याच हातावर आला असता."

सटवाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि घरापर्यंत काढला नाही.

मोहनरावांना यातले काहीच ठाऊक नव्हते. ते चारचौघांत म्हणाले, ज्याचा दोर भर मैदानात तुटतो, त्याच्या दोराने बैल कसा बांधावा? एवढे पुरे झाले. सुगीच्या तोंडावर दरसाल शेतकरी दावी आणि कासरे न्यायला सटवाच्या दारी येत. त्या साली कुणी आले नाही. छबुबाई रोज अंगण झाडून वाट पाही. शेवटी त्यांनी गाव सोडायचे ठरवले. कुठेतरी रेल्वेचे काम निघाले होते, तिकडे जाणार होते.

जाण्याआधी सटवा आणि लिंबाजीने मला अंगणात उन्हात पसरले. चांगले आठ दिवस वाळवले. सडलेला भाग कापून टाकला. मग सटवाने पदर उकलून दिले आणि लिंबाजीने एकेक पदर दुसऱ्यात गुंफत मला सांधले. चाळीस हातांचा मी चौतीस हातांचा झालो. पण तो सांधा पाहा एकदा. इतकी वर्षे गेली, माझे बाकीचे अंग विरले, सांधा तसाच आहे.

निघायच्या सकाळी लिंबाजी मला घेऊन शाळेत आला. म्हणजे फाटकापर्यंत आला. त्याने मला भिंतीवर, ऊन पडले होते तिथे पसरून ठेवले. आत हजेरी चालली होती. तो जायला वळला आणि तेवढ्यात आतून आवाज आला, "लिंबाजी वल्द सटवा!" तो थांबला. त्याचे तोंड उघडले. मी माझ्या चौतीसही हातांनी म्हणत होतो, बोल रे, बोल! पण त्याने तोंड मिटले. एकदा माझ्या सांध्यावर हात ठेवला आणि तो गेला. छपरावरची कबुतरे बसून राहिली.

पुढे हजेरीतून त्याचे नाव कमी झाले.

पुढच्या सालचा जलसा आला. त्या दिवशी मैदानाची हद्द आखायला मला बाहेर काढले होते, म्हणून मी सारे पाहिले. शाळेतल्या सर्वांत गुणी मुलाला पितळेचा बिल्ला मिळत असे. त्या साली तो आप्पारावाला मिळाला. पाशा मास्तरांनी त्याचे नाव तीनदा पुकारले. आप्पाराव पुढे गेला, तहसीलदार साहेबांनी बिल्ला हातावर ठेवला, टाळ्या झाल्या. पण तो जागेवर परत जाईना. उभाच राहिला.

"साहेब, ह्यो माझा न्हाई," तो म्हणाला. "बीडला दोर तुटला त्यात सटवाचा दोष नव्हता. दोर मी भिजवत होतो. महिनाभर. लिंबाचा हात लागला म्हनून. त्याला समदं ठाव होतं, तरी त्यानं माझं नाव घेतलं न्हाई."

पुढच्या खुर्चीवर बसलेले मोहनराव अर्धवट उठले. "आप्पा, खाली बस!"

"न्हाई बसत, आबा. गेल्या साली गप बसलो तेवढं पुरं झालं."

मग मोहनरावच खाली बसले आणि त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला. भर सभेत त्यांना बोडक्या डोक्याने कुणी कधी पाहिले नव्हते.

मोठे मास्तर तहसीलदार साहेबांच्या कानाशी काही बोलले. साहेबांनी मान हलवली. पाशा मास्तर पुढे आले, छाती भरून त्यांनी आवाज दिला, "लिंबाजी वल्द सटवा, साकिन पाटोदा!" साकिन म्हणजे राहणार.

मुले फाटकाकडे पाहू लागली.

"लिंबाजी वल्द सटवा!"

बाजारातला गलबला थांबला असे मला वाटले.

"लिंबाजी..." तिसऱ्यांदा त्या फौजी माणसाचा आवाज फाटला. ज्याच्यासाठी त्या मुलाने एवढी वाट पाहिली, ते झाले. नाव तीनदा पुकारले गेले. ऐकायला तो नव्हता आणि फाटकाबाहेर त्याचा बासुद्धा नव्हता.

मोहनरावांनी माणसे पाठवली. वस्तीवर घर उघडे पडले होते, चुलीत पाला साचला होता. रेल्वेच्या कामावर विचारले, तिथले लोक म्हणाले, होते, पण पुढे गेले. तेव्हा आप्पारावाने तो बिल्ला आणला आणि लिंबाजीने जिथे हात ठेवला होता तिथेच, माझ्या सांध्याशी बांधला.

आप्पाराव पुढे याच शाळेत गुरुजी झाले. दसरा झाला की ते मला स्वतः खांद्यावर टाकून बाहेर आणत, भिंतीवर पसरत आणि दिवसभर जवळ बसून राहत. मुले विचारत, "गुरुजी, ह्यो दोर कुनाचा?" आणि ते सगळे सांगत, स्वतःची चूकसुद्धा, काही न लपवता. जलशाच्या शेवटी ते लिंबाजीचे नाव तीनदा पुकारत. निजामाचे राज्य गेले, जलशाला संमेलन म्हणू लागले, तरी पुकारत. मग ते म्हातारे झाले. काठी टेकत येत. मग एका दसऱ्याला ते आले नाहीत. त्यानंतर मला कुणी उन्हात टाकले नाही आणि ते नावही पुन्हा कुणी घेतले नाही.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. पाऊस सरला की मला एक दिवस ऊन दाखवा. दोरच काय, कुठलीच ओली वस्तू झाकून ठेवू नका, आणि चूकही ठेवू नका. ती त्याच दिवशी उन्हात आणा. वर्षाने खरे बोललात तरी बरेच, पण ज्याने ऐकायचे तो तोवर गाव सोडून गेलेला असतो.

आणि एक. तुमच्या संमेलनात बक्षिसे वाटून झाली, की जाण्याआधी ते नाव एकदा पुकारा. तीनदा. मला कळते, लिंबाजी आता येणार नाही. तो असता तर शंभरी ओलांडून गेला असता. तरी पुकारा. आणि तिसऱ्या हाकेला गप्प राहू नका. तुमच्यातल्या कुणीही, पुढच्या रांगेतल्याने म्हणा की दाराशी उभ्या असलेल्याने म्हणा, पण छपरावरची सगळी कबुतरे उडतील एवढ्या मोठ्याने म्हणा, "हाजिर!"